बटणांची यंत्रं आणि कच्चे टाके

माझ्या आईला तिच्या कॉलेजातली मुलं ‘गोलबाई’ म्हणतात. ती गोल आहे म्हणून नव्हे. तशी ती आहे थोडी, पण ते बोलून दाखवायची हिंमत फक्त बाबांची. तास सुरू झाला की ती फळ्यावर गोलच गोल काढत सुटते, म्हणून हे नाव. तिचा विषय संगणक शाखेतला, भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणणारा: रेग्युलर एक्स्प्रेशन दिलं की त्याचं फायनाइट ऑटोमॅटन करायचं. आई पहिल्याला सूत्र म्हणते आणि दुसऱ्याला यंत्र. कुठली अक्षरं कुठल्या क्रमाने चालतील ते सूत्र सांगतं. यंत्र म्हणजे गोल आणि बाण. एकेक अक्षर वाचायचं आणि त्याच्या बाणावरून पुढच्या गोलात जायचं. अक्षरं संपली तेव्हा दुहेरी गोलात असलात तर पास, नाहीतर घरी जा.

घरीही तिचं हेच चालतं. बाबांचा राग हे तिच्या मते तीन गोलांचं यंत्र आहे: शांत, धुसफूस आणि भडका. कुठल्याही गोलात असले तरी चहाच्या बाणाने ते पहिल्या गोलात परत येतात. बाबा शिंपी. खाली दुकान, वर आम्ही. आईचं शास्त्र त्यांना काडीचं कळत नाही, पण बायको कॉलेजात शिकवते हे ते माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, त्याने विचारलेलं नसलं तरी.

आईच्या वर्गात एक मुलगी होती, जन्मापासून न दिसणारी. अखंड बोलायची म्हणून वर्गाने तिला ‘रेडिओ’ नाव ठेवलं होतं, आणि तिला ते आवडायचंही. बाकीच्या विषयांत ती पहिल्या पाचांत. या एका विषयात मात्र नापास, कारण फळ्यावरचे गोल तिला कोण दाखवणार? एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती, पण पदवी हातात पडली तरच. प्राचार्यांनी शेवटची संधी दिली: हवं तर कापडावर करून दाखव, पण परीक्षक बाहेरचे असतील. या वेळी विषय सुटला नाही तर पदवी नाही आणि नोकरीही नाही.

कापडाची कल्पना आईची, हात बाबांचे. गोलाच्या जागी बटण, दुहेरी गोलाच्या जागी एकावर एक शिवलेली दोन बटणं. ‘क’चा बाण जाड लोकरीचा, ‘ख’चा गुळगुळीत रेशमी, आणि बाणाच्या टोकाला गाठ. आणखी एक बाण असतो, ज्याच्यावरून जाताना अक्षर खर्चच होत नाही. आई त्याला ‘फुकटचा बाण’ म्हणते. तो बाबांनी सैल पांढऱ्या दोऱ्याने घातला, कोटाला कच्ची शिलाई घालतात तसा.

रेडिओ रोज संध्याकाळी दुकानात यायची आणि कापण्याच्या टेबलावर कापड पसरून बसायची. फुकटच्या बाणांमुळे यंत्र एकाच वेळी अनेक गोलांत असू शकतं, हे पटवताना आईचा दरवर्षी घसा बसतो. डोळस पोरं विचारतात, मॅडम, एक यंत्र दोन ठिकाणी कसं असेल? रेडिओने मात्र काही न विचारता दोन बटणांवर दोन बोटं ठेवली.

“सगळीकडे बोटं ठेवायची, मॅडम. अक्षर वाचलं की सगळी एकदम पुढे सरकवायची. ज्याला रस्ता नाही ते बोट उचलायचं.”

“आणि सगळीच उचलली गेली तर?”

“हात हवेत. शब्द नापास.”

आई त्या रात्री जेवताना तीन वेळा म्हणाली, “हात हवेत!” आणि दर वेळी स्वतःशीच हसली. इतकं खूश मी तिला माझ्या निकालालाही पाहिलं नव्हतं, आणि हे मी तिला सुनावलंही.

मग परीक्षेला आठवडा उरला असताना ते झालं. सूत्र सोपं होतं: नुसते क, कितीही, किंवा नुसते ख, कितीही. आईने आकृती काढून दिली, बाबांनी कापड तयार केलं, आणि रेडिओ ते आपल्या खोलीवर घेऊन गेली. दोन दिवसांनी ती कापड घेऊन दुकानात आली तेव्हा आईने तिला विचारलं, “क, क, ख. चालेल?”

“चालेल, मॅडम.”

“नीट बघ.”

“बघितलं. चालतंय.”

आईचा पारा चढला. “अगं, नुसते क नाहीतर नुसते ख म्हटलंय! सरमिसळ कशी चालेल? तू पाठ केलंयस, समजून घेतलं नाहीस.”

रेडिओ एकदम बंद झाली. मग हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, बोटांना जे लागलं तेच सांगितलं. बोटंही खोटी असतील तर माझ्याकडे दुसरं काही नाही. मी परीक्षेला बसत नाही.” काठी उचलून ती निघून गेली. कापड टेबलावरच राहिलं.

आईने ते पुढ्यात ओढलं. मग तिने डोळे मिटले आणि कापडावर बोट ठेवलं. एकच दुहेरी बटण. त्यालाच लोकरीचा वेढा आणि त्यालाच रेशमी वेढा. क वाचा, त्याच बटणावर. ख वाचा, पुन्हा त्याच बटणावर. सरमिसळ बिनबोभाट चालत होती. मुलगी शंभर टक्के बरोबर होती.

“अहो! मी तीन बटणं काढून दिली होती. बाकीची दोन कुठं गेली?”

बाबांनी मशीन थांबवलं. “अगं, शिवून झाल्यावर कच्चे टाके काढले. कच्ची शिलाई तशीच ठेवून कपडा देतात का गिऱ्हाइकाला? ते काढल्यावर बटणं सुटी पडली, मग तिन्हींचं एकच केलं. सुबक दिसतंय की.”

“सुबक! त्या दोन टाक्यांनीच तर क आणि ख वेगळे राहत होते!”

“मला काय ठाऊक? फुकटचा बाण, फुकटचा बाण म्हणतेस. फुकटचं ते काढलं.”

मी हसू दाबत होते. आईला मात्र हसू येईना. तिने चपला घातल्या. बाबा म्हणाले, “थांब, मीही येतो,” आणि गिऱ्हाईक अर्ध्या मापावर उभं असताना त्यांनी दुकान माझ्यावर सोपवलं. आम्ही सगळीच तशी ताठ माणसं; चूक कबूल करायची म्हणजे आमच्या जिवावर येतं. पण त्या संध्याकाळी त्या दोघांनी रेडिओच्या खोलीत जाऊन तिची माफी मागितली. बाबा म्हणे दारातच म्हणाले, “पोरी, तुझी बोटं खरी. खोटे माझे हात.” ती एवढी हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली.

परीक्षेला बाबांना आत बसायची परवानगी मिळाली, सुई ओवून द्यायला. चुलत भावाच्या लग्नाला शिवलेला कोट त्यांनी कपाटातून बाहेर काढला. मी दारातून बघत होते. परीक्षकांनी सूत्र वाचलं: नुसते क कितीही किंवा नुसते ख कितीही, आणि शेवटी एक ग. अट अशी की अखेरच्या यंत्रात फुकटचा बाण एकही नको. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण तिच्या हातातला रुमाल पार चोळामोळा झाला होता.

रेडिओने बटणं मांडली. सुरुवातीचं एक, क साठी वेगळं, ख साठी वेगळं, शेवटी दुहेरी. क-ख चे बाण नेहमीच्या दोऱ्यांनी आणि ग चे सुतळीने शिवले. पांढरा दोरा मागून घेतला आणि सुरुवातीपासून दोन सैल टाके घातले. मग तीन बटणांवर तीन बोटं टेकवली आणि तिथून एकेक अक्षर वाचत, बोटांच्या प्रत्येक मांडणीसाठी एक बटण अशी, कापडाच्या दुसऱ्या अर्ध्यावर नवं यंत्र शिवत गेली. त्यात फुकटचा एकही बाण नव्हता.

“क, क, ख, ग?” परीक्षकांनी विचारलं.

“दुसऱ्या क पर्यंत एक बोट टेकलेलं. ख म्हटलं की हात हवेत.” आणि तिने खरोखरच दोन्ही हात वर केले.

परीक्षक हसले. “बाई, माझं समाधान झालं. हिला पास करा.”

आई खुर्चीत टेकली. रेडिओने मान वळवून बाबांचा अंदाज घेतला. “काका, पक्की शिलाई झाली. आता कच्चे टाके काढले तरी चालतील.”

बाबांनी आधी आईकडे पाहिलं. तिने मान हलवल्यावर ते कात्री घेऊन वाकले, पण कात्री नुसतीच कापडावर फिरत राहिली. डोळे इतके भरले होते की पांढरा दोरा त्यांना दिसेचना.

“सरका, काका,” रेडिओ म्हणाली, आणि चाचपून दोन्ही टाके तिनेच ओढून काढले.