आमचे घरमालक काजूच्या बागेत

आमच्या घरमालकांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे भिवंडीच्या रस्त्यांनीही दिले नाहीत, आणि भिवंडीचे रस्ते ज्यांनी अनुभवले आहेत त्यांना हे विधान किती मोठं आहे ते कळेल. भिवंडीजवळच्या कोन गावात त्यांच्या चाळीत मी भाड्याने राहत होतो. सगळे त्यांना शेठ म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. हे शेठ मूळचे शेजारच्या वळ गावचे शेतकरी. पण वळच्या शेतांवर एकामागून एक गोडाऊनं उभी राहिली, त्यात शेठचीही सगळी जमीन गेली. तेव्हापासून हाफपँट, गळ्यात गोफ आणि दारात जीपगाडी असा त्यांचा थाट होता. ते न सांगता घरात येत, सरळ स्वयंपाकघरात जाऊन टोपावरचं झाकण उचलत आणि कालवणात बोट घालून चव बघत. माझ्या बायकोला पहिल्या दिवशी घेरी यायचीच बाकी राहिली होती. कुठलीही वस्तू दाताखाली घातल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नसे. तांदूळ, भेंडी हे ठीक आहे, पण मी दाराला नवं कुलूप आणलं तेव्हा त्यांनी किल्लीही चावून बघितली आणि "बरी हाय" म्हणून परत दिली.

आणि मोकळी जागा दिसली की शेठच्या डोक्यात गोडाऊनचा मालवाहू ट्रेलर शिरत असे. एकदा आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मुलं मैदानावर कवायत करत होती. शेठ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, जागा एक नंबर हाय, पन चालीस फुटी गाडी वलनार न्हाय." हेडमास्तर शेजारीच बसले होते. मी तो कार्यक्रम कसा पार पाडला ते माझं मला ठाऊक.

अशा माणसाला मी आपण होऊन वेंगुर्ल्याकडे माझ्या गावी नेलं, हे आज मलाही खरं वाटत नाही. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. आमची तिथे काजूची बाग आहे, लहानशीच, दादा आणि वहिनी ती बघतात. एका मुंबईच्या पार्टीला तिथे रिसॉर्ट बांधायचं होतं, आणि दादाला होय म्हणावं की नाही ते सुचत नव्हतं. मी म्हटलं, जमीन देऊन सुखी झालेला माणूस माझ्या ओळखीचा आहे, त्यालाच विचारू. शेठ काय सांगणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

बागेत शिरल्याशिरल्या त्यांनी पहिला तडाखा दिला. झाडांखाली वाळक्या पानांचा थर होता, त्यात पिवळी-लाल बोंडं पडलेली. शेठनी ते बघून तोंड वाकडं केलं आणि दादाला म्हणाले, "हा सगला कचरा कशाला ठेवलाय? खाली कोबा करून टाका. मंग झाडू मारला की काजू गोला." दादा माझ्याकडे बघत राहिला. बिचारी वहिनी तर झाडाला टेकली. तिला बहुधा तो कोबा, त्यातून वर आलेली खोडं आणि झाडूवाला, सगळं डोळ्यांसमोर दिसलं असावं.

ती सावरते आहे तोच शेठनी खालच्या फांदीचा एक हिरवा काजू पिरगळून तोडला. "शेठ, ता तोंडाक लावू नकात, चीक भाजता," असं ती म्हणेपर्यंत त्यांनी सवयीने तो सालीसकट कचकन चावला होता.

त्यानंतरच्या गोंधळाबद्दल न लिहिलेलं बरं. खोबरेल झालं, ताक झालं, तरी दुपारपर्यंत शेठचे ओठ वड्यांएवढे फुगले. त्यांना बोलता येईना. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांचा आवाज बंद झालेला पहिल्यांदाच बघत होतो आणि खरं सांगायचं तर मला भीतीच वाटली. ते पडवीत खाटेवर बसून राहिले. समोर वहिनी हातांना राख चोळून ओले काजू सोलत बसली होती. एरवी शेठसमोर दुसऱ्या कोणाला बोलायला वाव नसे, त्या दिवशी वहिनी बोलली. कुठलं झाड सासूने लावलं, कुठलं वादळात आडवं होऊनही फळतं, सगळं सांगितलं. "सकाळी उठान बागेत एक फेरी मारल्याशिवाय माका चाय गोड लागणा नाय," ती म्हणाली. शेठ तिच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे बघत होते. घरात काजूची उसळ शिजली, त्यांनी मात्र गार पेज घेतली आणि झाकणाला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सूज थोडी उतरली. दादाने विचारलं, "शेठ, काय करूया? देवया काय?"

"देऊ नको," शेठ म्हणाले.

मला वाटलं, चीक डोक्यात गेला. "शेठ, अहो, तुमचं तर..."

"माजा काय?" ते जड ओठांनी सावकाश बोलू लागले. "बंगला हाय, गाडी हाय. पन सकाली पाय शेतावंच जातात ना, मास्तर. जातो मी. तितला वॉचमन बदलत रहतो. नवीन असला की गेटवं उभा करतो. कोन पायजे, इचारतो. आता त्याला काय सांगू, कोन पायजे?"

दादाने त्याच दिवशी पार्टीला नकार कळवला. निघताना शेठ गाडीत बसले, पुन्हा उतरले आणि वहिनीला म्हणाले, "परत आलो तं आत येऊ द्याल ना?"

"हय गेट खंय आसा, शेठ?" वहिनी म्हणाली. "कधीय येवा."

पण ते येणं काही झालं नाही. आधी साखर वाढली, मग गुडघे गेले. पुढच्या मोसमात वहिनीने खास त्यांच्यासाठी सोललेले काजू पाठवले, ते घेऊन मी सकाळीच त्यांच्या बंगल्यावर गेलो. सुनेने सांगितलं, ते वळला गेलेत. मीही तिकडे गेलो. पत्र्याच्या उंच भिंतीला लागून मोठं गेट होतं, आणि गेटबाहेर शेठ काठी टेकून उभे होते.

"वॉचमन इचारायला गेलाय," ते म्हणाले.

मी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक काजू काढला आणि न चावता नुसता तोंडात धरला. मग मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो. वॉचमनला यायला बराच वेळ लागला.