सातव्या घरातला मंगळ

चंदनवाडीत अनंताची लाकडं रचली जात होती, तेव्हा कुणीतरी मला विचारलं, "नाना, तुम्ही एवढे ज्योतिषी, तुम्हाला हे आधी दिसलं नाही?" कुठे काय विचारावं याचा काही लोकांना पोचच नसतो. मित्राचं आठवं घर, म्हणजे मृत्यूचं, कधी बघायचं नाही हा माझा नेम. त्याची पत्रिका मला तोंडपाठ, पण त्या घराशी आलो की मी डोळे मिटून पुढे जायचो... त्या सकाळी त्याच्या शेजारच्या सुमतीवहिनी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भावजी, अनंतराव उठत नाहीत हो." मी पायात चपला न घालताच खाली उतरलो.

अनंता म्हणजे दिवाळी अंकांतून चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या गोष्टी लिहून तुम्हाला हसवणारा तोच. दिवसभर शिवडीच्या गोदामात मालाच्या नोंदी करायचा आणि संध्याकाळी गिरगावात, माझ्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसून लिहायचा. कर्क लग्न. तिसऱ्या घरात उच्चीचा बुध, म्हणजे हातात लेखणी आणि जिभेवर फिरकी. लग्नेश चंद्र बाराव्यात, म्हणजे मन सदा परमुलखात. गडी आयुष्यात कल्याणच्या पलीकडे गेला नाही, पण शनीच्या कड्यांवर त्यानं चाळ बांधली, आणि तिथेही सकाळी नळावर भांडणं लावून दिली. माझ्या शास्त्रावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तरी दर पाडव्याला मी पंचांग उघडलं की हा समोर हजर. "वाच रे नाना, यंदा माझं काय काय होणार नाही ते कळू दे." मी चिडायचो, आणि वाचायचो.

आणि सातव्यात मंगळ. सातवं घर जोडीदाराचं. दादरची एक शिक्षिका, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. तिच्या वडिलांनी पत्रिका बघितली आणि पाय मागे घेतला. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, मंगळ मकरेचा आहे, उच्चीचा आहे, कर्क लग्नाला तो भलंच करतो, दोष धरू नका. ते चहा पाजून म्हणाले, "तुम्ही मुलाचे मित्र, तुम्ही असंच म्हणणार." मग मध्यस्थानं जन्मवेळ जरा मागेपुढे करून नवी पत्रिका मांडायची तोड काढली. असं सर्रास चालतं. पण ज्याचा पत्रिकेवर विश्वास नाही तोच हटून बसला. म्हणाला, "आई होती तोवर ती वेळ सांगायची. तिचा शब्द मी खोटा पाडणार नाही." स्थळ मोडलं ते मोडलंच. त्या दिवाळीत त्यानं मंगळावरच्या लग्नांची गोष्ट लिहिली. तिथल्या मुलांच्या सातव्या घरात पृथ्वी येते आणि पृथ्वीचा मुलगा म्हणून त्यांची लग्नं मोडतात. सगळं गिरगाव पोट धरून हसलं. शेवटी एक म्हातारा मंगळवासी रोज संध्याकाळी गच्चीत बसून पृथ्वीकडे बघत राहतो, तेवढं मात्र कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. मी ते वाचून अंक मिटून ठेवला होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या दंगलीत संचारबंदी लागली, तेव्हा तो माझ्याच खोलीत अडकून पडला होता. खाली अश्रुधूर, आम्ही दोघं तोंडावर ओले पंचे धरून बसलेलो, आणि हा लिहितोय काय, तर मंगळावरचा मोर्चा! 'दोन्ही चंद्रांसह संयुक्त मंगळ झालाच पाहिजे.' लिहिता लिहिता डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरानं की हसण्यानं कोण जाणे. पुढे रशियानं आकाशात कृत्रिम चंद्र सोडला, तेव्हा तो धावतच वर आला. "नाना, हा नवा ग्रह. मांड माझ्या पत्रिकेत." मी म्हटलं, "शास्त्राची चेष्टा मला खपणार नाही." तो खुर्चीत टेकला, आणि नेहमीची फिरकी न घेता म्हणाला, "सातव्यात मांड रे. तो मंगळ एकटाच बसलाय तिथं... त्याला जरा सोबत होईल." मी नाही म्हटलं. तो चंद्र पुढे जळून पडला, तरी त्याची मागणी काही सुटली नाही. दर पाडव्याला तेच, आणि दर पाडव्याला माझं तेच उत्तर. आमचं ते ठरल्यासारखंच झालं होतं.

मुंबईसह महाराष्ट्र होणार असं आता पेपरात रोज येतंय. चाळीत पेढ्यांच्या गोष्टी चालल्यात. तो असता तर म्हणाला असता, मंगळाचं अजून बाकी आहे.

परवा पाडवा झाला. गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, पंचांग उघडलं. समोर वेताची खुर्ची, बसून बसून मध्ये खोलगट झालेली. सुमतीवहिनी वाटीतून श्रीखंड घेऊन आल्या, खुर्चीकडे बघून दारातच थांबल्या आणि वाटी ठेवून परत गेल्या. मी वाचायला लागलो. चार ओळी झाल्या, कुणी अडवेना. असं सरळ वाचायची मला सवय राहिलेली नाही, पंचांग बाजूला ठेवलं. गेलेल्या माणसाची पत्रिका पुन्हा मांडत नाहीत. मी मांडली. तिसऱ्यात बुध, बाराव्यात चंद्र, सातव्यात मंगळ. मग त्या मंगळाच्या शेजारी एक ठिपका दिला, आणि खुर्चीकडे बघून म्हटलं, "घे. मांडला."