आतून न उघडणारा दरवाजा

गाडी मी चालवायची, हे डॉक्टरांच्या खोलीत ठरलं. ह्यांना पहिली फिट जेवताना आली होती, दुसरी कारखान्यात, मशीनखाली आडवे पडून नट आवळत असताना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ह्यांचा धंदा एम्ब्रॉयडरी मशीनं दुरुस्त करण्याचा. उधन्यातल्या आमच्या गाळ्यातून चलथाणपर्यंत रोज कुठे ना कुठे मशीनच्या मोटारी आणि मुंडकी पोचवावी लागतात. रोज भाड्याचा टेम्पो कुठून आणणार? मी तोवर फक्त अ‍ॅक्टिव्हा चालवली होती. ड्रायव्हिंग शाळेत गेले, लायसन्स काढलं, पण भीती गेली नाही.

गाडी निवडतानाही निवड माझ्या भीतीनेच केली. छोटा टेम्पो वळणावर कलंडेल असं वाटे. मोठा पिकअप आमच्या गल्लीत शिरला नसता. मग मधल्या आकाराचा, पुढे पाच माणसं आणि मागे हौदा असलेला घेतला. मी उंचीने कमी. सीटवर बसले की बॉनेटच्या पलीकडचं काही दिसायचं नाही. म्हणून चढायला पायरी लावली, कडेच्या आरशांवर गोल आरसे चिकटवले, मागे कॅमेरा बसवला. ह्यांना छतावर कॅरिअर हवा होता. मी म्हटलं, "अहो, आधी मला रस्ता दिसू द्या, मग शोभा."

राहिली कॅनोपी, हौद्यावर बसवायचं पत्र्याचं झाकण. पर्वत पाटियाच्या पुढे एका दुकानात दोन प्रकार होते. दुकानदार म्हणाला, "बेन, बारीवाळुं लई जाओ, हवा तो जोईए ने." हवेसाठी खिडक्यांचं घेतलं तर सिग्नलला कुणीही आतलं सामान बघेल, काच फोडून नेईल, असं माझ्या डोक्यात. मी चारही बाजूंनी बंद असलेलं निवडलं. मागच्या दरवाजाला बाहेरून कुलूप. ह्यांनी एकदा विचारलं, "आत अंधार नाही का होणार?" मी म्हटलं, सामानाला उजेड कशाला?

मार्च संपत आला होता. चलथाणच्या एका कारखान्यात दुपारी मशीनची मोठी लाकडी पेटी उचलायला गेलो. कामगारांनी ती हौद्यात चढवली आणि ते जेवायला गेले. मी चलनावर सही घ्यायला आत गेले. परत आले तर हे दिसले नाहीत. तेवढ्यात वॉचमन ओरडला, "मॅडम, गाडी हटाओ, गन्ने का ट्रॅक्टर आ रहा है!" रस्ता अरुंद, समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, त्याचा हॉर्न थांबेना. ह्यांनी हात दाखवल्याशिवाय मी तोवर कधी रिव्हर्स घेतला नव्हता. घाईघाईने हौद्याचा मागचा फाळका लावला, वरचा दरवाजा ओढला, कुलूप फिरवलं. आत फक्त पेटी दिसली होती, छताला टेकेल एवढी. तिच्यामागे बघायचं सुचलंच नाही.

कॅमेऱ्याची पिपपिप ऐकत मी गाडी मागे नेली. मधेच धाडकन आवाज आला. पेटी सरकली असणार, ह्यांची बोलणी बसणार, असं वाटलं. उतरून बघायचं धाडस झालं नाही. जनरेटरच्या शेडजवळ गाडी लावली. लाईट गेलेली होती, जनरेटर धडधडत होता, कानात बोटं घालावीत इतका. मी लांब जाऊन वॉचमनच्या खुर्चीजवळ सावलीत उभी राहिले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. फोन लावला. उचलला नाही. गाडीपाशी जाऊन काचेतून पाहिलं, तर त्यांचा फोन पुढच्या सीटवर लुकलुकत होता.

वॉचमनला विचारलं. म्हणाला, "बाहर जाते तो नहीं देखा." चहाच्या टपरीवर गेले. संडासाचं दार ठोठावलं. मग रस्त्यापलीकडची नहेर दिसली, उसाला पाणी देणारा कालवा. तोंड धुवायला वाकलेला माणूस, आणि नेमकी तेव्हाच फिट. मी काठाकाठाने पळत सुटले. पाणी भरून वाहत होतं. कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं, निळ्या शर्टातला माणूस पाहिला का? त्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. पाण्यात काहीतरी निळं दिसलं आणि मी किंचाळले. प्लास्टिकची गोणी होती.

गाडी घेऊन नहेरीच्या कडेने पुढे जावं, म्हणून परत आले. किल्ली हातात होती, ती दाराच्या भोकात जाईना. तेवढ्यात लाईट आली आणि कुणीतरी जनरेटर बंद केला. एकदम शांत झालं. त्या शांततेत मागून आवाज आला. ठक. बऱ्याच वेळाने पुन्हा ठक.

कुलूप कसं उघडलं आठवत नाही. पत्रा हाताला चटका देत होता. आतून तापलेल्या ग्रीसचा वास अंगावर आला. पेटीच्या मागच्या फटीत हे बसले होते, शर्ट काढलेला, चेहरा पांढराफटक, कपाळावर खोक, आणि हातात पाना. माझ्याशी एरवी मराठीत बोलणारा माणूस, पण त्या वेळी घरच्या अहिराणीत एवढंच म्हणाला, "पानी दे, पानी."

वॉचमनने बादलीच आणली. पाणी प्यायल्यावर, डोक्यावर ओतल्यावर, हे म्हणाले, "मी पुढच्या कडीला दोरी बांधत होतो. हाका मारल्या. मग गाडीच निघाली."

"फिट आली होती का?"

"नाही. येईल असं सारखं वाटत होतं. म्हणून बसून राहिलो." मग म्हणाले, "रिव्हर्स मात्र चांगला घेतलास."

मला हसू आलं नाही. मी फाळक्याला धरून रडले. वॉचमन दुसरीकडे बघत राहिला.

परतायचं तर गाडी चालवायला मीच. वाटेत एका दवाखान्यात खोक दाखवली, पट्टी बांधून घेतली. प्रत्येक सिग्नलला रस्त्याऐवजी मी ह्यांच्याकडे बघत होते. डोळे मिटले की ओरडायचे, "अहो, जागे आहात ना?" मागचे हॉर्न वाजवायचे. संध्याकाळी हे झोपले तेव्हा मी उशाशी बसून श्वास मोजत होते. चार दिवस किल्लीला शिवले नाही. ह्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्याचंच जास्त लागलं.

पाचव्या दिवशी आम्ही त्याच दुकानात गेलो. दोन्ही बाजूंना सरकत्या काचा कापून घेतल्या आणि दरवाजाला, बाहेरून कुलूप असलं तरी आतून उघडेल अशी कडी बसवायला सांगितली. दुकानदाराने कारण विचारलं. हे म्हणाले, "हवा तो जोईए ने."

काम झाल्यावर मी चप्पल काढली आणि फाळक्यावरून आत चढले. "अगं, काय करतेस?" हे म्हणाले.

"लावा दरवाजा. कुलूप पण लावा."

त्यांनी लावला. काचांतून उजेड येत होता. तरी कडी डाव्या हाताला की उजव्या, तेच आठवेना. पत्र्यावरून हात फिरवत राहिले. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता, "उघडू का? उघडू का?" मग बोट कडीत अडकलं. ओढली. दरवाजा वर गेला.

ह्यांनी उतरायला हात पुढे केला. मी तो धरला नाही.

"पुन्हा लावा," मी म्हटलं.