खिशातली भाकर

नवीन जालन्याच्या स्टेशनावर वजनाचं यंत्र होतं. रंगीत दिवे फिरायचे आणि रुपया टाकला की पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझ्या तिकिटावर छापून आलं, शहाऐंशी किलो, आणि मागं, ‘संयमाचं फळ मिळेल.’ मी चपला काढल्या, किल्ल्या बाजूला ठेवल्या, चष्मासुद्धा काढला आणि दुसरा रुपया टाकला. पुन्हा शहाऐंशीच. मग आठवलं, पँटीच्या खिशात अर्धी भाकर आहे. पण मागं चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत खिशातून ज्वारीची भाकर काढायची माझी छाती झाली नाही.

ही भाकर तिथं कशी गेली, ते सांगायला लागेल.

मी एका बियाण्याच्या दुकानात लिहिण्याच्या कामावर होतो. एक दिवस हमाल मला म्हणाला, “साहेब, तुमी पेनच उचला, तेच तुमाला पेलतं.” आता गप्प बसावं की नाही? मी पोतं उचललं. पोतं दोन फूट वर गेलं आणि माझ्या जांघेत काहीतरी खाली आलं. डॉक्टरांनी तपासून हर्निया सांगितला. म्हणाले, “आधी आठ किलो उतरवा, मग ऑपरेशन करू. एवढ्या पोटावर टाके टिकणार नाहीत. आणि उशीर नका लावू, एखाद्या दिवशी आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.”

बायकोनं त्याच दिवशी ठरवून टाकलं, एका वेळी एक भाकर, वर वाटीभर भाजी, बस्स. पण चुलीपुढं, म्हणजे आता गॅसपुढं, माय बसायची. वडील गेल्यावर ती गावाकडून आमच्याकडं राहायला आली होती आणि भाकरी थापायचं काम तिनं कुणाला देऊन ठेवलं नव्हतं. ऑपरेशनचं तिला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर ते होईपर्यंत तिनं उपास धरले असते. मी काही सांगितलं नाही. ती तिसरी भाकर टाकायला तव्याकडं वळली, की मी ताटातली दुसरी अर्धी मोडून खिशात घालायचो. चोरी करणाऱ्याचं तोंड कसं दिसतं, ते समोर बसलेल्या बायकोला रोज दोन वेळा बघायला मिळायचं.

आता तुम्ही म्हणाल, खिशात घातली म्हणजे वजन उतरायला पाहिजे. उतरलं असतं. पण भाकर फेकायची कशी, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. दुकानात अकरा वाजले की मी गोदामाच्या मागं जायचो आणि ती खाऊन टाकायचो. कोरडी. वर पाणी.

जाफराबादकडच्या आमच्या गावात आम्ही चौघं भावंडं होतो. वडील दुसऱ्याच्या रानात कामाला, माय पण. दुरडीतली भाकर ज्याची आधी संपेल त्याला उरलीसुरली मिळायची, म्हणून आम्ही चावायचं काम आतड्यांवर सोपवलं होतं. धाकटी बहीण तर घास गिळताना डोळे मिटायची. मायच्या भाकरी तळहाताएवढ्या आणि पातळ असायच्या. आम्हाला वाटायचं, तिचा हातच तसा आहे. दोन दोन भाकरी खाल्ल्या म्हणून शाळेत सांगायला मात्र बरं पडायचं. त्यातला एक तुकडा मी रोज गोधडीच्या घडीत लपवायचो. सकाळी काही मिळालं नाही तर असावा म्हणून. तो सकाळपर्यंत टिकल्याचं मला आठवत नाही.

लग्नाच्या पंगतीतून मी उठायचोच नाही. एका लग्नात वाढपी मला म्हणाला, “मालक, ही तिसरी पंगत बसून राह्यली, तुमी पयल्या पंगतीतलेच ना?” तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आता पंचेचाळिशीला आलो, पंगती बंद झाल्या, पण पोरांच्या ताटात उरलेलं माझ्याच पोटात जातं. पोरगी तर मला ‘बाबा, हे घ्या’ म्हणून ताटच सरकवते, जसं काही मी घरचा डबा आहे.

महिनाभरानं वजन सत्त्याऐंशी झालं. बायको नुसती माझ्या पोटाकडं बघून घरात गेली.

मग एका रविवारी मायनं माझी पँट भिजवली. खिशात हात घातला तर हाताला लगदा लागला. ती तशीच ओला हात घेऊन सुनेपुढं उभी राहिली.

“काहून गं, माझ्या पोराला पोटभर खाऊ देत न्हाईस का? लपवून न्यायची पाळी आली त्याच्यावर.”

“आत्याबाई, त्यांनाच विचारा,” बायको म्हणाली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी सगळं ओकून टाकलं. हर्निया, आठ किलो, गोदाम, सगळं.

माय हातातल्या लगद्याकडं बघत म्हणाली, “लहानपणी गोधडीत लपवायचास. मला वाटलं, मोठा झाल्यावर सवय सुटली असंल.”

“तुला ठाऊक होतं?”

“मंग? त्या भाकरीपायी उंदरं यायची, ती कोन मारायचं? तुझ्या बापाच्या अंगठ्याला उंदीर चावला व्हता, ते पाप कुनाचं?” मग हात धूत म्हणाली, “एकच खायची तर एक. सांगायचं व्हतंस. पोट का माझ्या मालकीचं हाय?”

मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ताटात खरंच एकच भाकर पडली. ती ताटाच्या काठावरून दोन बोटं बाहेर आली होती आणि जाडीला चांगली पुस्तकाएवढी.

“माय, ही एक आहे?”

“मोज की.”

तव्यावर मावेल तेवढी भाकर तिनं केली होती. पोरं लहान असताना एकीच्या दोन करायची, आता दोनाची एक. बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मी भाकर मधोमध मोडली आणि अर्धी मायपुढं ठेवली.

“मी मागून खाते,” ती म्हणाली. आयुष्यभर ती मागूनच खात आली होती, म्हणजे बहुतेक वेळा खातच नव्हती.

“मग मी पण मागून खातो.”

असे आम्ही दोघं हट्ट धरून बसलो, भाजी गार होत राहिली. शेवटी भुकेनं मी हरलो असतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तीच पुढं सरकली. तेव्हापासून रोज ती भाकर निम्मी निम्मी. मी चावायला शिकलो, कारण तिच्या आधी संपवलं की ती आपल्यातला तुकडा पुढं करायची.

पाच महिने लागले. ऑपरेशनची तारीख ठरवायच्या आदल्या दिवशी माय म्हणाली, मला बी ते यंत्र दाखव. स्टेशनावर मी चपला काढायला लागलो तर तिनं अडवलं. “आधी खिसे उलटे कर.” येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर मी दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. अठ्ठ्याहत्तर भरलं. मग तिला धरून उभं केलं. तिचं त्रेचाळीस.

“चढलं का उतरलं?”

“चढलं असेल,” मी म्हणालो.

“मागं काय लिहिलंय?”

मी वाचून दाखवलं, “जिभेवर ताबा ठेवावा.”

तिनं तिकीट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि माझ्या खिशात कोंबलं. “तुझं माझ्याकडं आलंय बघ,” ती म्हणाली.