सहा वर्षांचे स्वच्छ कागद

सगळे त्यांना धक्केवाले काका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकच नोकरी केली. किनाऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या सरकारी घरात राहायचं आणि पुढच्या खोलीतलं भूकंपाचं यंत्र सांभाळायचं. सकाळी आठला फिरत्या ढोलावरचा कागद बदलायचा, शाई भरायची, आणि सुईने काढलेल्या रेघांतले बारीक धक्के भिंगातून शोधून वहीत टिपायचे. माणसाला जाणवतही नाहीत असे धक्के. "ज्याचा कुणाला पत्ता नाही ते मोजायला पगार मिळतो, नशीब लागतं हो!" असं त्यांची बायको म्हणायची.

निवृत्तीला अकरा वर्षं झाली होती, तिला जाऊन चार. काका आता मुलाकडे राहत. एके दुपारी सून हसत आत आली. "बाबा, एक पाहुण्या बाई आल्यात. तुमच्या धक्क्यांना अजून गिऱ्हाईक आहे हो!"

पाहुणी संशोधक होती, त्यांच्या मुलीच्या वयाची. टेबलावर नकाशा पसरून ती समजावू लागली, की समुद्राखाली जमिनीचा एक थर दुसऱ्याखाली सरकतो, सरकताना बारीक धक्के देतो, आणि अडकला की गप्प बसून ताण साठवतो; तो एकदम सुटला तर मोठा भूकंप होऊन समुद्र किनाऱ्यावर चढतो.

"पोरी, मामाला आजोळच्या गोष्टी नको सांगूस," काका म्हणाले.

ती ओशाळून हसली. मग तिने एका जागी बोट ठेवलं. "तुमच्या यंत्रासमोरचा हा पट्टा सहा वर्षं गप्प होता. मग बारीक धक्के परत सुरू झाले. म्हणजे अडकलेलं सुटलं, ताण थोडाथोडा मोकळा होतोय, असं मी मांडलंय. किनाऱ्यावरची शाळा तिथेच ठेवायची की टेकडीवर न्यायची, ते यावरून ठरणार आहे. आणि काका, त्या वर्षांचे तुमचे कागद किती स्वच्छ!"

काकांची नजर भिंतीकडे गेली. त्याच कागदांसाठी मुख्य कचेरीने दिलेलं प्रशस्तिपत्र तिथे होतं. बायकोने ते तेव्हा सरकारी घरात स्वतः खिळा ठोकून लावलं होतं, आल्यागेल्याला दाखवलं होतं.

मुलगी शहरात शिकायला गेली आणि बायकोने मागच्या खोलीत शिलाई मशीन घेतलं, तेव्हाचे ते दिवस. तिचा पाय चालायचा, तिचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि इकडे ढोलावर जाड काळी रेघ उठायची. कागद बघून काका ओळखायचे, ही पडद्याची लांब शिवण, ही बाही. असं सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पण कचेरीतून खरमरीत पत्र आलं: कागद घाण येतात, कारण कळवा. मशीन बंद कर म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. यंत्राने किती बारीक हालचाल टिपायची ते ठरवणारा खटका त्यांनी दोन घरं खाली आणला. शिवण दिसेनाशी झाली, बारीक धक्केही. वहीत नोंद केली नाही. मुलगी नोकरीला लागली, मशीन विकलं, तेव्हा खटका परत वर गेला.

आता गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण देवापुढे रोज हात जोडायचे आणि पोरांच्या शाळेबाबत खोटं राहू द्यायचं, हे काही त्यांना जमेना.

"पट्टा गप्प नव्हता गं," ते म्हणाले. "मीच त्याचं तोंड दाबलं होतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

तिने नकाशावरचं बोट काढून घेतलं. "काका, माझी चार वर्षं गेली यात."

"रागाव. हक्क आहे तुझा."

"आणि शाळेचं?" सुनेने दारातूनच विचारलं.

"पट्टा अडकलाय की सुटलाय, आता काहीच सांगता येत नाही. नव्याने मोजेपर्यंत शाळा वर न्या, असं लिहीन." तिने कोरा कागद काढला, काकांचं म्हणणं उतरवून घेतलं. "हे तुमच्या नावाने जाईल. कचेरीतले लोक बोलतील. चालेल?"

"जाऊ दे. फक्त आणखी एक लिही. आमच्या हिला, माझ्या बायकोला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं."

"अहवालात असल्या गोष्टींना जागा नसते, काका."

"मग कर की जागा."

तिने ते लिहिलं. काकांनी चष्मा लावून तेवढीच ओळ दोनदा वाचली, आणि खाली सही केली.