जोडीच्या टायरचा आकडा

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही, यार्डात तर कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय—का, ते विचारू नका.

चाकणला नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरचं आमचं यार्ड आहे. टायर निवडणं माझं काम. नामदेवकाका आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर—चिंचवड गावठाणातले, तोंडाने फटकळ, मनाने लोण्यासारखे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी डबा विसरलो, तर अर्धी भाकरी पुढे सरकवून म्हणाले, "खा, साहेबा. उपाशी माणसाला टायर गोल दिसत न्हाई." तेव्हापासून माझा डबा नावालाच. निघण्यापूर्वी काका दांडक्याने एकेक टायर ठोकून आवाजावरून हवा जोखणार, मगच किल्ली फिरवणार. मी चिडवायचो, "काका, भजन संपलं का?"

टायरच्या कडेवर तो किती वजन पेलेल याचे दोन आकडे असतात. पहिला एकट्या टायरचा, दुसरा जोडीने बसवलेल्या टायरचा—तो कमी. ट्रेलरला मागे जोड्याच. मोटारी आता जड येऊ लागल्या होत्या, म्हणून नवे टायर घ्यायचे ठरले. आणि मी—शिकलेला, डिप्लोमावाला—हिशेब केला तो पहिल्या आकड्यावर. काकांनी विचारलंही होतं, "पेलंल ना रं ह्यास्नी?" "बिनधास्त जा, काका," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर केवढा तो विश्वास!

तळेगावच्या अलीकडे काकांच्या ट्रेलरचा एक नवा टायर फुटला. सगळा भार त्याच्या जोडीदारावर आला, तोही गेला. काका वाचले, पण ट्रेलर कलंडला, वरच्या मोटारी चेपल्या. चौकशीत ठरलं—हवा कमी होती, ड्रायव्हरने तपासली नाही. त्याच दुपारी मी फुटक्या टायरची कड फडक्याने पुसली आणि दुसरा आकडा वाचला. आमच्या भाराला तो पुरत नव्हता. बोललो का? नाही. पुढच्या महिन्यात गुपचूप योग्य टायर मागवले, वर साहेबांची शाबासकीही घेतली.

काकांकडून ट्रेलर काढून घेतला. निवृत्तीपर्यंत यार्डातच गाड्या मागे-पुढे लावत राहिले. माझ्यावरची माया मात्र तशीच—अजून दसऱ्याला गाड्यांच्या पूजेला येतात, माझ्यासाठी पुरणपोळी आणतात. आणि नव्या ड्रायव्हरांना जवळ बसवून सांगतात, "त्या दिशी म्या टायर ठोकून बघितलं आसं वाटतंय मला, पर न्हाई बघितलं. म्हातारपण, दुसरं काय? तुमी इसरू नका."

मी शेजारीच उभा असतो, पोळी खात.

त्या सकाळी काकांनी सगळे टायर ठोकले होते. एकेक. मी तिथेच होतो—नेहमीसारखी भजनावरून चेष्टाही केली होती.