तळाचं नाव

पराते साहेब आमच्या कारखान्याचे कामगार अधिकारी. त्यांना केबिन होती, पण सकाळची पाळी आत येईपर्यंत ते फाटकातच उभे असत. हजेरीचं मशीन बसलं तेव्हा मी विचारलं, आता कशाला उभं राहता? म्हणाले, "मशीन कार्ड वाचते वं रोहिणी. चेहरा मलेच वाचा लागते."

एकदा भट्टीवरच्या गजाननला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. बायको दवाखान्यात असल्यामुळे त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. "आज लोखंड ओतू नको. जाय घरी," एवढंच बोलले आणि त्याच्या रजेचा अर्ज स्वतः लिहिला. हिंगणा एमआयडीसीत आमच्याकडची माणसं कारखाना सोडून जात नसत, ती अशामुळे.

मग कारखाना एका परदेशी कंपनीने घेतला. सगळ्या देशांतल्या कारखान्यांना मूल्यमापनाचा एकच तक्ता आला. दर वर्षी प्रत्येक विभागात कोणीतरी तळाला हवंच, आणि तळाच्या माणसाला कामावरून निरोप. पडद्यावरच्या बैठकीत साहेब मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलले. भट्टीवरची माणसं एकमेकांच्या भरवशावर काम करतात, त्यांच्यात चढाओढ लावली तर कोणी कोणाला शिकवणार नाही. पलीकडून शांतपणे उत्तर आलं : बाकीच्या देशांत या पद्धतीनं उत्पादन वाढलंय. नागपुरात वाढलं नाही, तर दोष माणसांत शोधावा लागेल.

आमच्या कामगार विभागात साहेब धरून आम्ही चौघं. तक्ता भरताना मी शेजारीच बसले होते. तळाच्या ओळीत साहेबांनी स्वतःचं नाव लिहिलं.

"हे काय, साहेब?"

"दुसऱ्याचं लिहिणं होऊन नाही राहिलं वं."

इतक्या वर्षांच्या माणसाचं नाव पाहून तिकडे कोणीतरी थबकेल, चौकशी करेल, असं त्यांना वाटलं असावं. कोणी केली नाही. महिन्याभरात त्यांचं टेबल मला मिळालं.

पुढे ते म्हणाले होते तसंच झालं. जुने कारागीर नव्यांना भट्टीजवळ फिरकू देईनात. सदोष माल वाढला. वरून हुकूम आला, तक्ता आणखी कडक भरा.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेले. फार वाळले होते.

"साऱ्या विभागांचा तक्ता कोण भरते आता?"

"मी."

"यंदा कोणाकोणाले काढलं?"

मी नावं सांगितली. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कोण कोण आहे, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटचं नाव ऐकून ते उठले, बायकोला म्हणाले, "हिले चहा दे वं," आणि आत गेले. चहा संपल्यावरही मी बराच वेळ बसून होते. ते बाहेर आले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नव्या वर्षाचा तक्ता भरत होते. शेवटची ओळ राहिली होती. ती भरली, आणि मग दहनघाटावर जायला निघाले.